ओझं कुठे बांधायचं, पाणी किती न्यायचं?
वाचकांचे प्रश्न: सायकल प्रवास

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक मनाली–लेह रस्त्याबद्दल आहेत. स्पितीचं एक आहे आणि एक थेट ऑस्ट्रेलियातून आलंय. अडचण सगळ्यांची एकच: वस्ती नाही, दुकान नाही, मागून गाडी येत नाही, आणि लागेल ते सगळं सायकलवरच न्यायचंय.

आम्ही तिघं मित्र जुलैच्या शेवटी मनालीहून लेहला सायकलने जाणार आहोत. सरचूच्या पुढे पाणी मिळत नाही असं ऐकतो. कुणी म्हणतं दोन बाटल्या पुरतात, कुणी म्हणतं दहा लिटर न्या. नक्की किती न्यायचं? – सातारा

दिवसाला इतके लिटर असा हिशेब सोडून द्या आणि टप्प्याचा हिशेब करा. टप्पा म्हणजे एका भरवशाच्या पाण्यापासून दुसऱ्या भरवशाच्या पाण्यापर्यंतची वाट. ती तासांत मोजायची. सामान लादलेली सायकल या रस्त्याच्या चढांवर ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालते, त्यामुळे नकाशावरचे २५ किलोमीटर म्हणजे पाच तास.

सायकल चालवताना तासाला पाऊण लिटर धरा. सकाळच्या गारव्यात अर्ध्या लिटरवर भागतं, पण दुपारच्या उन्हात चढावर एक लिटरही लागतं. मुक्काम कोरड्या जागी पडणार असेल तर स्वयंपाक, चहा आणि रात्रीचं पिणं मिळून माणशी २ लिटर वाढवा. त्यावर दीड ते दोन लिटर राखीव. हे राखीव पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा आणि पुढचं पाणी डोळ्यांना दिसल्याशिवाय तिला हात लावू नका.

आता तुमची वाट. मनाली ते दारचापर्यंत गावं आहेत, दीड-दोन लिटर पुष्कळ झालं. दारचाच्या पुढे झिंगझिंगबार, बारालाचा, भरतपूर ते सरचू या पट्ट्यात बर्फाचं पाणी घेऊन येणारे ओढे भेटत राहतात. तीन लिटर घ्या. खरी गोम सरचूच्या पुढे आहे. सरचूपासून सुमारे २४ किलोमीटरवर गाटा लूप्सचा पायथा येतो. तिथे पाणी मिळतं. पुढे २१ वळणं, त्यावर नाकीलाची खिंड (सुमारे ४,७४० मीटर) आणि मग उतरून व्हिस्की नाला, या पंचवीसेक किलोमीटरमध्ये पाण्याचा भरवसा धरू नका. पाच तास गुणिले पाऊण लिटर म्हणजे पावणेचार, अधिक राखीव दोन. म्हणजे पायथ्याशी प्रत्येकाकडे साडेपाच ते सहा लिटर हवं. दुपारी उशिरा पायथ्याशी पोहोचलात तर त्या दिवशी चढू नका, खालीच तंबू लावा. अर्ध्या वळणांवर मुक्काम पडला तर हेच गणित आठ लिटरवर जातं.

दुसरा कोरडा पट्टा पांगच्या पुढचा. पांगहून सुरुवातीचा चढ संपला की मोरे मैदान लागतं. डेबरिंगपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर, रस्ता सपाट आणि डांबरी, म्हणून लोक गाफील राहतात. दुपारनंतर इथे वारा सुटतो. तो समोरून आला की सपाटीवरसुद्धा वेग ताशी ८ किलोमीटरवर येतो आणि चार तासांची वाट सहा तासांची होते. पांगहून पहाटे निघा आणि तरीही पाच लिटर घ्या. डेबरिंगच्या बाजूला त्सो कार सरोवर आहे, ते खारं आहे. नकाशावर निळं दिसतं म्हणून ते पाण्याच्या हिशेबात धरू नका. डेबरिंगहून तांगलांगला खिंड (५,३२८ मीटर) चढून रुमत्सेला उतरेपर्यंत चार लिटर ठेवा.

या वजनाला फार लोक घाबरतात, म्हणून आकडाच मांडतो. तुमचं वजन ७५ किलो, सायकल १५, सामान १५, एकूण १०५. त्यात पाच लिटर पाणी वाढवलं की ओझं पाच टक्क्यांच्या आत वाढतं. गाटा लूप्सचा दोन तासांचा चढ साधारण सहा मिनिटांनी लांबतो. सहा मिनिटं वाचवण्यासाठी पाणी कमी नेणं हा वेडेपणा आहे. वजन कमी करायचं तर दुसऱ्या जोडी बुटांतून, तिसऱ्या पँटमधून आणि ट्रायपॉडमधून करा. जुलै-ऑगस्टमध्ये भरतपूर, सरचू, व्हिस्की नाला, पांग आणि डेबरिंगला तंबूतली हॉटेलं लागलेली असतात. डाळभात आणि झोपायला गादी दोन्ही मिळतं. त्यांच्या भरवशावर स्टोव्ह, गॅस आणि भांडी मिळून दोन-अडीच किलो घरी ठेवता येतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर हे तंबू उठायला लागतात, तेव्हा मात्र ही सूट घेऊ नका.

तिघं आहात तर स्टोव्ह, तंबू, पंप, अवजारं वाटून घ्या. पाणी, हेडलॅम्प, पावसाचं जॅकेट आणि ट्यूब मात्र ज्याची त्याच्याकडे. तिघांचं पाणी एकाच सायकलवर असेल आणि तो पुढे निघून गेला, तर मागच्या दोघांची पंचाईत होते. असं वारंवार घडतं, कारण चढावर तिघांचा वेग कधीच सारखा नसतो.

माझी सायकल साधी अ‍ॅल्युमिनियमची एमटीबी (डोंगरी सायकल) आहे. पुढे सस्पेन्शन, आणि बाटली लावायला एकच जागा. सहा लिटर पाणी बांधायचं कुठे? – कोल्हापूर

वजन जितकं खाली आणि जितकं सायकलच्या मध्याजवळ, तितकं चांगलं. म्हणून पहिली जागा फ्रेमचा त्रिकोण. तिथे बसणारी फ्रेम बॅग घ्या किंवा एखाद्या चांगल्या बॅगवाल्याकडून पुठ्ठ्याचा साचा देऊन शिवून घ्या. त्यात तीन लिटरची पाण्याची पिशवी उभी ठेवा. पिशवी अर्धवट भरली की पाणी हिंदकळतं, तेव्हा हवा काढून टाका आणि मोकळ्या जागेत जॅकेट कोंबा. पायडल मारताना दोन्ही गुडघे बॅगला घासत नाहीत ना, हे घरीच तासभर चालवून बघा. भरलेली बॅग फुगते, रिकामी असताना हा दोष दिसत नाही.

दुसरी जागा डाउनट्यूबच्या (हँडलखालून पायडलकडे तिरकी येणाऱ्या नळीच्या) खालची बाजू. तिथे बोल्टची भोकं नसतील तर पट्ट्यांवर बसणारा बाटली-स्टँड मिळतो. त्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा म्हणजे तो सरकत नाही. पुढचा शॉक पूर्ण दबला तरी चाक बाटलीला लागत नाही हे तपासा. शॉकमधली हवा सोडून किंवा सायकलवर पूर्ण भार देऊन बघितल्याशिवाय हे कळणार नाही. खाली लावलेल्या बाटलीच्या तोंडावर चिखल आणि शेणकूट उडतं, म्हणून तिथे राखीव पाणी किंवा पंप ठेवा. रोज तोंडाला लावायची बाटली तिथे नको.

तिसरी जागा फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे, दोन पाय. सस्पेन्शन फोर्कवर होज क्लिपने (स्क्रूने आवळायच्या पत्र्याच्या पट्टीने) स्टँड बसवता येतो, पण फक्त खालच्या जाड नळीवर. वरची चकचकीत नळी आत-बाहेर सरकते, तिला काहीही बांधायचं नाही. क्लिपखाली रबर घाला आणि स्टँड हाताने हलत नाही इतपतच आवळा. ही खालची नळी बहुधा मॅग्नेशियमची असते, अति आवळली तर तडकते. एका बाजूला एक लिटर, दोन्ही बाजूंना सारखं. फोर्क कार्बनचा असेल तर क्लिप लावूच नका.

तीन, एक आणि दोन असे सहा लिटर झाले. पाठीवरची पाण्याची पिशवी दीड लिटरच्या वर नको. पाठीचा भार सगळा बसण्याच्या हाडांवर आणि तळहातांवर येतो आणि तिसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही.

बाटल्यांसाठी भारी काही घ्यायची गरज नाही. शीतपेयाची २ लिटरची बाटली गॅसचा दाब सोसायला बनवलेली असते, म्हणून ती साध्या पाण्याच्या पातळ बाटलीपेक्षा कितीतरी दणकट. खिंडीतून खाली येताना पातळ बाटल्या चेपतात, दोन-तीनदा चेपल्या की घडीवर चीर जाते. रिकाम्या बाटल्या मात्र लेहपर्यंत परत न्यायच्या. गाटा लूप्सवर आधीच पुरेशा पडल्यात.

काझाच्या अलीकडे माझं मागचं कॅरियर तुटलं. त्यावर २५ किलोची क्षमता लिहिली होती आणि मी २२ किलोच लादले होते. मग का तुटलं? – नाशिक

कारण तो २५चा आकडा गुळगुळीत रस्त्याचा असतो. खडीवर आणि खड्ड्यांत प्रत्येक आदळीला तेच ओझं क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन कॅरियरवर येतं. कच्च्या रस्त्यावर लिहिलेल्या क्षमतेच्या ६० टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत १५ किलो, ही मर्यादा धरा. बाकीचं पुढे न्या.

पण बहुतेक वेळा कॅरियरची नळी आधी तुटत नाही. आधी बोल्ट ढिला होतो. ढिला बोल्ट भोकात खेळायला लागतो, कॅरियर डावी-उजवी डोलतं, आणि त्या डोलण्याने बोल्ट तुटतो किंवा वेल्डिंगचा जोड चिरतो. तुटलेला जोड नीट बघा. चिरेचा काही भाग काळपट-मळका आणि काही भाग चकचकीत असेल, तर चीर बरेच दिवस आधी पडली होती आणि शेवटचा धक्का फक्त निमित्त झाला.

पुढच्या वेळी बसवताना एम-५ मापाचे चांगले स्टीलचे बोल्ट घ्या. भोक आणि बोल्ट पेट्रोलच्या फडक्याने पुसा, आट्यांवर निळा थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावा, वायसर घाला आणि आवळा. लाल थ्रेडलॉकर नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. बोल्टच्या लांबीकडे लक्ष द्या. चेनच्या बाजूचा बोल्ट आत दोन-तीन मिलिमीटर जास्त आला, तर सगळ्यात लहान चक्रावर गेलेली चेन त्याला घासते, कधी अडकते. बसवल्यावर चेन त्या चक्रावर टाकून पायडल उलटं फिरवून बघा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे आणि मग रोज सकाळी चार बोटांनी चाचपायचे. सोबत १२, १६ आणि २० मिलिमीटरचे प्रत्येकी दोन बोल्ट ठेवा, वजन सुट्या नाण्यांइतकंही नाही.

धातूबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: स्पिती-लडाखसाठी स्टीलचं कॅरियर. दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त भरेल, पण काझाला किंवा केलाँगला ट्रक दुरुस्त करणारा वेल्डर ते दहा मिनिटांत जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंगची सोय तिथे धरून चालता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं तुटलंच तर तुटलेल्या नळीला लोखंडी टायर लिव्हर किंवा तंबूची खुंटी फळीसारखी लावून दोन्ही बाजूंना होज क्लिप आवळा, वरून चिकटपट्टी गुंडाळा, आणि त्या बाजूचं सामान पुढच्या गावापर्यंत पाठीवर घ्या. चार होज क्लिप जवळ असायलाच हव्यात.

आणि बंजी दोरी वापरत असाल तर ती काढा. ताणली जाते म्हणून सामान उडत राहतं, आणि तिचा आकडा सुटून मागच्या चाकात गेला तर आऱ्यांसकट डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढून घेतो. बकल असलेली न ताणणारी पट्टी वापरा. तिचं लोंबतं टोक आत खोचा.

उतारावर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेलं की हँडल थरथरायला लागतं. रिकाम्या सायकलला असं होत नाही. चाक वाकडं आहे का? – ठाणे

चाक उचलून फिरवून बघा, पण रिकामी असताना होत नाही म्हणजे दोष बहुधा सामान बांधण्यात आहे. सगळं ओझं मागे आणि उंच असलं की पुढचं चाक हलकं होतं, मागचं कॅरियर आडवं डोलतं आणि एका ठरावीक वेगाला ते डोलणं फ्रेममधून हँडलपर्यंत येतं.

कॅरियरच्या वर काय बांधलंय ते बघा. पाण्याचे कॅन वर असतील तर आधी ते खाली आणा. जड वस्तू (अवजारं, खाणं, पाणी) पॅनियरच्या, म्हणजे कॅरियरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीच्या, तळाशी आणि सायकलच्या बाजूला. वर फक्त तंबू, स्लीपिंग बॅग असं हलकं. पुढे खाली बसणारं लो-रायडर कॅरियर असेल तर एकूण सामानातलं ४० टक्के तिकडे द्या. नसेल तर निदान फोर्कवर दोन लिटर पाणी द्या, तेवढ्यानेही फरक पडतो. डाव्या-उजव्या पॅनियरच्या वजनात अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. घरी सामान तोलायच्या काट्यावर टांगून बघा. पॅनियरचा खालचा आकडा कॅरियरच्या नळीत नीट बसलेला असावा, तो मोकळा राहिला की पिशवी पंख्यासारखी हलते. शेवटी हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघा: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली आणि टक् टक् लागलं, तर तो आवळायला हवा.

धावत्या सायकलीला थरथर सुरू झाली तर हँडल करकचून धरू नका. दोन्ही गुडघ्यांनी वरची नळी दाबून धरा, बूड सीटवरून किंचित उचला आणि मागचा ब्रेक हळूहळू लावा. वेग उतरला की थरथर थांबते.

फिल्टर न्यावा की क्लोरिनच्या गोळ्या? की सरळ उकळावं? – पुणे

फिल्टर आणि गोळ्या दोन्ही. एकमेकांची उणीव ते भरून काढतात.

लडाखच्या ओढ्यांचं पाणी सकाळी नितळ आणि दुपारी गढूळ असतं, कारण दिवसभर बर्फ वितळून गाळ खाली येतो. ते गढूळ पाणी थेट पोकळ धाग्यांच्या फिल्टरमधून काढलं तर दहा लिटरही निघत नाहीत, फिल्टर चोंदतो. म्हणून बाटल्या सकाळी भरा. दुपारीच भरायची वेळ आली तर आपला घरचा उपाय करा: तुरटीचा खडा पाण्यात पाच-सात वेळा फिरवा, अर्धा-पाऊण तास न हलवता ठेवा, वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून घ्या आणि मग फिल्टर करा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, म्हणून ती एकटी पुरत नाही. फिल्टर उलटा धुवायची सिरिंज सोबत ठेवा आणि रोज संध्याकाळी स्वच्छ पाण्याने धुवा.

या फिल्टरचा मोठा शत्रू थंडी. आतले धागे ओले असतात. रात्री पाणी गोठून ते तडकले की फिल्टर बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो, पाणी उलट जास्त जोरात येतं, आणि जंतू सरळ पार जातात. बघून हे ओळखता येत नाही. म्हणून फिल्टर झटकून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा. दिवसा खिंडीतही आतल्या खिशात. एकदा गोठला असा संशय आला की तो बाद, पुढचा प्रवास गोळ्यांवर.

गोळ्या घेताना वेष्टन वाचा. एक लिटरची, पाच लिटरची आणि वीस लिटरची अशा वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या बाजारात असतात आणि दिसायला सारख्याच. थंड पाण्यात क्लोरिन सावकाश काम करतं. अर्धा तास लिहिलं असेल तर बर्फाच्या पाण्याला तास-दीड तास द्या. गढूळ पाण्यात गोळी वाया जाते, आधी गाळ बसवा. गोळी विरघळली की झाकण अर्धवट उघडून बाटली उलटी करा, म्हणजे झाकणाच्या आट्यांतलं कच्चं पाणीही धुतलं जातं.

उकळणं खात्रीचं, पण इंधन खातं. पांगच्या उंचीवर (सुमारे ४,६०० मीटर) पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू त्यात मरतात, फक्त खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटं ठेवा. डाळ-तांदूळ मात्र कुकरशिवाय शिजत नाहीत. पोहे, सातूचं पीठ आणि भाजलेल्या रव्याचा तयार उपमा न्या, पाणीही कमी लागतं आणि इंधनही.

पाणी भरताना तंबूंच्या आणि मेंढ्यांच्या वरच्या अंगाला जाऊन भरा. रस्त्याला लागून वाहणारा ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी वर कळप बसलेला असू शकतो.

पॅनियरऐवजी मागे ट्रेलर ओढला तर? वजनाची चिंताच मिटेल. – छत्रपती संभाजीनगर

वजनाची चिंता मिटत नाही, ते चढावर ओढावंच लागतं. एकचाकी ट्रेलर साधारण ३० किलोपर्यंत घेतो आणि स्वतः सहा-सात किलोचा असतो. त्याचा खरा फायदा असा की तुमच्या मागच्या चाकावर भार कमी पडतो, आरे तुटत नाहीत, आणि कॅरियर बसत नाही अशा सायकललाही तो चालतो. लांब, सपाट, निर्जन रस्त्यावर १५-२० लिटर पाणी न्यायचं असेल तर तो उत्तम.

मनाली–लेहसाठी आम्ही सुचवणार नाही. रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यात ट्रेलर प्रवाहाला आडवा होतो आणि सायकलला खाली ओढतो. घळीतून सायकल उचलून न्यायची वेळ आली तर दोन खेपा. तीव्र उतारावर वळणात जोरात ब्रेक लावला की ट्रेलर बाजूने येऊन मागच्या चाकाला ढकलतो. शिवाय त्याचं चाक लहान, बहुधा १६ इंची, म्हणजे टायर-ट्यूब वेगळी बाळगायची.

तरीही घेणार असाल तर आधी मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल (आस) बघा. जुन्या पद्धतीच्या क्विक रिलीजला ट्रेलरसोबतचा दांडा बसतो. थ्रू-अ‍ॅक्सल (फ्रेममध्ये आट्यांनी बसणारा जाड आस) असेल तर लांबी, जाडी आणि आट्यांचं अंतर (१, १.५ किंवा १.७५ मिलिमीटर) तिन्ही जुळणारा खास अ‍ॅक्सल मागवावा लागतो. चुकीच्या आटीचा जोर लावून फिरवला तर फ्रेमची आटी जाते.

मी पर्थला राहते. नॉर्समनहून सेदूनापर्यंत नलारबोरचं ओसाड मैदान ओलांडायचा विचार आहे. रोडहाउसमधलं (रस्त्याकडेच्या पेट्रोलपंप-हॉटेलांमधलं) अंतर बघून छाती दडपते. पाण्याचं कसं करावं? – पर्थ, ऑस्ट्रेलिया

एअर हायवेवरचा हा पल्ला सुमारे १,२०० किलोमीटरचा. त्यातले तीन टप्पे मोठे: नॉर्समन ते बॅलडोनिया सुमारे १९० किलोमीटर, बॅलडोनिया ते कायगुना सुमारे १८०, आणि बॉर्डर व्हिलेज ते नलारबोर रोडहाउस सुमारे १८५. बाकीचे टप्पे बहुतेक दिवसभरात होतात. बॅलडोनिया–कायगुनामध्ये १४६.६ किलोमीटरचा तो प्रसिद्ध एकही वळण नसलेला रस्ता आहे.

मोठ्या टप्प्यात वाटेत एक कोरडा मुक्काम धरा. रोज ९० किलोमीटर, सामानासकट ताशी १६ म्हणजे साडेपाच-सहा तास, त्याचे चार-साडेचार लिटर. अधिक स्वयंपाक, चहा आणि रात्रीच्या पिण्याचे रोज दोन. दोन दिवसांचे १३ आणि राखीव ३, एकूण १६ लिटर. हे थंड महिन्यांचं गणित आहे, एप्रिल-मे किंवा ऑगस्ट-सप्टेंबर. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे पाणी पुरत नाही आणि पुरेल इतकं सायकलवर बसत नाही. त्या महिन्यांत जाऊच नका. पश्चिमेकडून पूर्वेला जायचा तुमचा बेत बरोबर आहे, थंडीच्या दिवसांत पश्चिमेचा वारा पाठीशी मिळायची शक्यता जास्त.

१६ लिटरसाठी सुपरमार्केटमधला दहा लिटरचा पाण्याचा खोका घ्या. आतली नळाची पिशवी काढून जाड कापडी थैलीत घाला आणि मागच्या पॅनियरच्या तळाशी ठेवा. नळ वरच्या बाजूला, नाहीतर दाबाने ठिबकत राहतो. सगळं पाणी एकाच पिशवीत कधीही नको. ती फाटली तर मागे फक्त तहान उरते. उरलेले सहा लिटर तीन-चार बाटल्यांत विभागा. रोडहाउसला पाणी विकत घ्यायची तयारी ठेवा, गोडं पाणी त्यांनाही महाग पडतं. विश्रांतीच्या जागी पावसाच्या पाण्याच्या टाक्या दिसतील. पाणी मिळालं तर घ्या, पण हिशेबात धरू नका. कमी पडलंच तर रिकामी बाटली हातात उंच धरून उभ्या राहा, कॅराव्हॅनवाले थांबतात.

आणखी दोन गोष्टी. हँडलला आरसा लावा. रोड ट्रेन (अनेक डबे ओढणारा ट्रक) ३५ मीटरपेक्षा लांब असू शकते. मागून एक आणि समोरून दुसरी अशी एकाच वेळी येताना दिसली तर सरळ डांबर सोडून खाली उतरा. आणि फळं-भाज्या सेदूनाच्या आधी संपवा, तिथल्या क्वारंटाइन तपासणीत त्या काढून घेतात.

थोडक्यात

रात्री बाटल्या गोठतात. – नागपूर
बाटली काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा, आणि उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तो बुडाकडे राहतो आणि तोंड मोकळं. सकाळच्या चहाचं पाणी रात्रीच पातेल्यात ओतून ठेवा. गोठलं तरी थेट स्टोव्हवर ठेवता येतं. पाइपवाल्या पिशवीतून प्यायल्यावर पाइपमध्ये उलटी फुंकर मारून पाणी पिशवीत परत घाला.

पुण्यात भरलेली हवा पाच हजार मीटरवर टायर फोडेल का? – पिंपरी
नाही. बाहेरचा दाब कमी झाल्याने टायरचा दाब सुमारे ६ पीएसआयने वाढलेला दिसतो, पण थंडीमुळे त्यातला तीन-चार पीएसआय परत उतरतो. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या दहा पीएसआय खाली असाल तर काही करायला नको.

सगळ्यात हलका गिअर कोणता हवा? – सांगली
पुढे २२, मागे ३४ दाते. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवून हा ताशी पाच किलोमीटरवर चालतो. पुढे २८, मागे २८ असेल तर तेवढ्याच पायडलला ताशी आठचा वेग ठेवावा लागतो, आणि ओझ्यासकट खिंडीच्या चढावर तो ठेवता येत नाही. मग सायकल ढकलावी लागते.

भरपूर पाणी प्यायलं की विरळ हवेचा त्रास होत नाही ना? – रत्नागिरी
होतो. पाण्याने शरीर सुकत नाही, एवढंच. विरळ हवेवर उपाय म्हणजे सावकाश चढणं, आणि डोकेदुखी, उलटी, तोल जाणं सुरू झालं तर थांबणं आणि खाली उतरणं. नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ कमी होऊन तीच डोकेदुखी, तीच मळमळ होते आणि गोंधळ उडतो. दिवसाच्या पाण्यापैकी एक-दोन लिटरमध्ये ओआरएस घाला. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या लिटरमध्ये नाही.